शांतीचं हळदीकुंकू

कोलकात्यात सॉल्ट लेकच्या कुठल्याशा संस्थेत समुपदेशनाचा कोर्स केल्यापासून विनीताला वाटायचं, माणसांना गोल करून बसवलं की जगातलं कुठलंही भांडण मिटतं. गेल्या महिन्यात बेहाला भागातल्या त्यांच्या गल्लीत हिंदू-मुसलमानांची दंगल झाली, तेव्हा तर तिच्या उत्साहाला उधाणच आलं. दोन्हीकडच्या बायकांना घरी बोलावून बाईसाहेबांनी काय करावं, तर हळदीकुंकू! शांतीचं म्हणे! तिच्या सासूबाईंनी, कालिंदीबाईंनी, कपाळावर हात मारून घेतला.

पण त्या गप्प राहिल्या, कारण शाहिदा येणार होती. समोरच्या घरातली शाहिदा, वर्षानुवर्षं रोज दुपारी त्यांच्याकडे चहाला येणारी. दंगलीच्या दिवशी तिने यांचं दार बडवलं, आणि कालिंदीबाईंच्या सुपुत्राने, अजेयने, आईला मागे ओढून ते उघडू दिलं नाही. तेव्हापासून शाहिदाने इकडे पाऊल टाकलं नव्हतं. कालिंदीबाईंना शांती-बिंती नको होती, त्यांना आपली मैत्रीण परत हवी होती.

शाहिदा आली. विनीता करंडा घेऊन धावली, तिने बोलावलेला फोटोवाला तयारच होता.

"बेटी, मी विधवा आहे, विसरलीस का?" शाहिदा म्हणाली.

झालं! धर्माच्या भिंती पाडायला निघालेला हात चटका बसल्यासारखा मागे आला. विधवा सासूला तर तिने आधीच वगळलं होतं.

मग सगळ्यांना गोल बसवलं. "मनात असेल ते बोला," विनीता गोड आवाजात म्हणाली. "फक्त कुणाला दोष द्यायचा नाही."

"दोष नाही देत," शाहिदा अजेयकडे बघत म्हणाली. "विचारते. त्या दिवशी दार का नाही उघडलंस?"

पेढ्यांचं ताट घेऊन उभ्या असलेल्या अजेयने ते शेजारच्या बाईपुढे धरलं.

"तोंड आहे ना? बोल की मेल्या!" कालिंदीबाई कडाडल्या.

"भीती वाटली," तो पुटपुटला.

"वा! बघा, अजेय किती छान मोकळा झाला!" विनीताने टाळ्या वाजवल्या आणि बायकांनाही वाजवायला लावल्या. टाळ्या! नवऱ्याने जणू बक्षीस मिळवलं होतं.

टाळ्या थांबेपर्यंत शाहिदा बसून राहिली. मग उठून तिने पदर सावरला.

"भीती मलाही वाटत होती, बेटा," ती म्हणाली. "म्हणून तर तुमच्याकडे आले होते."

तिला थांब म्हणायला कालिंदीबाईंची जीभ रेटली नाही.