न आलेले सगळे बरे

दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टच्या दारावर ‘दुरुस्तीसाठी बंद’ ही पाटी इतकी जुनी, की कुणीतरी तिला प्लास्टिकचं आवरण घालून ठेवलं होतं.

माझ्या धाकट्या बहिणीला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. यात शरीराची संरक्षणव्यवस्था आपल्याच मज्जातंतूंवर उलटते, आणि झालेलं नुकसान सहसा भरून येत नाही. तिचा डावा पाय अडखळतो. चष्म्याच्या कारखान्यात काचा घासणं ही तिची नोकरी. आता बोटंही जड व्हायला लागली होती. जोरदार औषध आत्ताच सुरू करा, एवढंच सांगायला आम्ही आलो होतो.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पायरीवरच बसली.

"ताई, पुढच्या वेळी तू एकटीच ये. माझा फोटो दाखव."

"फोटोत फार हसतेस तू. आजारी वाटायची नाहीस."

डॉक्टरांनी आमच्याकडे स्क्रीन फिरवला. त्यांच्या नव्या प्रणालीत वय, तपासण्या, मेंदूचा स्कॅन असं सगळं भरलं, की पुढच्या पाच वर्षांत काठी लागायची शक्यता निघते. हिची निघाली नऊ टक्के. आकड्याभोवती हिरवं वर्तुळ होतं.

"छान आहे," डॉक्टर म्हणाले. "औषधाची घाई नको. वर्षभर थांबू."

"आणि बोटं?"

"प्रणाली चालण्यापुरती आहे, मॅडम."

मी संख्याशास्त्र शिकवते. विचारलं, "ही कोणाच्या नोंदींवर बेतली आहे?"

"आमच्याच सगळ्या रुग्णांच्या." शेजारी प्रणाली बनवणारा विश्लेषक बसला होता. त्याने मान डोलावली, जणू रुग्णही त्यानेच घडवले होते.

"जे मध्येच यायचे थांबले, त्यांचं काय केलंत?"

"शेवटच्या भेटीतली स्थिती पुढे धरली," विश्लेषक म्हणाला. "त्रास वाढला असता तर आले असते ना."

धाकटी हसली. "कसे?"

"म्हणजे?"

"कशावरून आले असते? जिन्यावरून?"

"लिफ्टचा विषय प्रशासनाकडे आहे," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे मी यायचं सोडलं, की तुमच्या हिशेबात कायमची ठणठणीत." ती उठली. "खालपर्यंत सोडायला येता का, डॉक्टर?"

डॉक्टर उठले. ते आले. चढण्यापेक्षा उतरणं तिला अवघड जातं. पहिल्याच वळणावर तिचा पाय दुमडला, बोटांना कठडा धरता आला नाही, आणि डॉक्टरांनी तिचा दंड पकडला. तळमजल्यापर्यंत तो त्यांनी सोडला नाही.

खाली बाकावर वॉकर घेऊन एक गृहस्थ बसले होते.

"अरे, तुम्ही!" डॉक्टर म्हणाले. "बऱ्याच दिवसांत आला नाहीत."

"दर महिन्याला येतो की. इथपर्यंत. वर बायको जाते, औषध लिहून आणते."

विश्लेषक वरच होता, नाहीतर त्याला विचारलं असतं, यांची शेवटची भेट कोणती धरलीत.

डॉक्टरांनी त्याच बाकाच्या टोकावर बसून जोरदार औषध लिहून दिलं. "तुमच्या बाबतीत अपवाद करतोय," असं मात्र बजावलं.

धाकटीने कागद पर्समध्ये ठेवला आणि वॉकरकडे पाहिलं.

"काका, जरा सरकता का? हिशेबात आपण दोघंही ठणठणीत. घटकाभर बसू."