सुनेचं दूध नखावर

पोर बाळसं धरेना, म्हणून शांतानं मान खाली घालून अर्धी वाटी अंगावरचं दूध काढून दिलं. सासूनं, म्हणजे इंदिराबाईनं, ते बाहेर आणलं आणि दौलतरावांनी भर ओसरीत सुनेच्या दुधाचा थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला. थेंब घरंगळला.

"निरा पानी है!" दौलतराव गरजले. "असलं दूध नेलं तर इंदूरचा हलवाई माझ्या डोक्यावर ओतेल. बंद करा हे. आजपासून पोराला म्हशीचं!"

दौलतरावांचे वडील होळकरांच्या रिसाल्यात होते. संस्थान गेलं, मध्यभारत आला, घोडे गेले, म्हशी आल्या. हुकूम तेवढा राहिला. दूध पारखण्यात सांवेरपर्यंत त्यांचा हात धरणारा नाही, हे शेजारीण म्हणून मीही कबूल करते. पण सुनेला म्हशींच्या रांगेत बांधायचं? शहाणपणालाही काही लाज असते की नाही!

तीन महिन्यांचं पोर ते. चार दिवस म्हशीचं घट्ट दूध पोटात गेलं आणि जुलाब सुरू झाले. बाहेर चैताच्या उन्हानं काळ्या रानाला भेगा पडलेल्या, आणि घरात पोराची टाळू खोल गेलेली. मला तर बघवेना.

"काकू, माझं बाळ जाईल हो," शांता माझ्या दारात रडत उभी राहिली. मी तशीच जाऊन गंगूबाई सुईणीला घेऊन आले.

गंगूबाईनं पोर निरखलं. "पहले कितनी देर पाजत होतीस गं?"

"जरा तोंडाला लावलं की सासूबाईंची हाक. कापणीवाल्यांच्या भाकऱ्या करायच्या पडलेल्या असतात ना."

गंगूबाई तडक गोठ्यात गेली. मागून आम्ही सात-आठ जणी. दौलतराव संध्याकाळचं दूध काढत होते.

"दौलतरावजी, पहिल्या धारेचा थेंब घ्या जरा नखावर."

घेतला. घरंगळला.

"अब आखरीचा."

तो नखावर ठाण मांडून बसला.

"म्हैस बदलली का हो?"

"पागल झालीस का? मलई शेवटच्या धारेत उतरते, हे शेंबडं पोरही सांगेल. म्हणून तर पहिली धार इंदूरला आणि आखरीची आपल्या घरच्या तुपाला..." दौलतरावांनी जीभ चावली. बायकांत कुणीतरी फिसकन हसलं.

"मग बाईचं काय अलग है? नातवाला पहिल्या धारेवरून उठवता, मलई आतच राहते. वर पारखही पहिल्या धारेचीच करता!"

जन्म दुधात गेला, पण दिव्याखाली अंधार तो अंधारच. दौलतरावांनी चूक कबूल केली असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते नुसते खाकरले.

आत शांतानं पोराला पाजायला घेतलं. सवयीनं इंदिराबाईची हाक आली, "शांता, ऊठ, तवा तापलाय!"

"बसू दे तिला!" गोठ्यातून हुकूम सुटला. "पोर सोडेल तेव्हा उठेल. भाकऱ्या तू थाप."

सून आल्यापासून तीन वर्षांत इंदिराबाईनं पिठाला हात लावला नव्हता. पहिलीच भाकरी परातीत फाटली. शांतानं आतून ते पाहिलं, आणि ती उठली नाही.

पोर आठ दिवसांत सावरलं. कापणीवाले बिचारे तेवढे दिवस निमूटपणे फाटक्या भाकऱ्या खात होते.