शिक्क्याच्या आधीचा खिमा

सकाळी दहाच्या सुमाराला लोथार खाटिकाने कच्च्या खिम्याचा चमचा बिर्गिटच्या तोंडासमोर धरला, आणि बिर्गिटच्या आईला, रोझविटाला, सप्टेंबरातला उंदीर आठवला.

"मीठ बघ गं," लोथार म्हणाला. "आतल्यालाही विचार."

बिर्गिटला सातवा महिना चालू होता. तिने चमचा तोंडात घेतला, डोळे मिटून खिमा चावला आणि गिळला. "शहाजिरं कमी पडलंय, उस्ताद. दोघांचंही तेच मत आहे."

रोझविटा कांद्याची परात घेऊन दारात उभी होती. ती चमच्याकडे बघत होती.

थुरिंगियातल्या त्या गावात दर जानेवारीत घरोघरी डुक्कर कापलं जाई. त्याला एक नियम होता. तपासनीस येऊन, सूक्ष्मदर्शकाखाली मांस पाहून, त्यावर निळा शिक्का मारत नाही तोवर कोणी कण तोंडात घालायचा नाही. आणि गाव तर नियम पाळणाऱ्यांचं. रविवारी दुपारी तिथे कोणी भिंतीत खिळा ठोकत नसे. फक्त हा एकच नियम सगळे मिळून मोडत, तोही दरवर्षी ठरलेल्या वेळेला. खिम्यात मीठ बरोबर पडलंय की नाही हे चाखल्याशिवाय कळणार कसं? आणि मीठ चुकलं तर वर्षभराची सॉसेजं बिघडणार. माणूस बिघडला तर काय, याचा विचार अजून कोणाला करावा लागला नव्हता.

चमचा फिरत रोझविटाकडे आला. तिने तो तोंडात धरला, मान हलवली, चुलीकडे वळली आणि सगळं ॲप्रनच्या टोकात थुंकली.

त्याचं असं झालं होतं. ऑगस्टमध्ये दवाखान्यातल्या नर्सने बिर्गिटला एक यादी दिली होती, गरोदर बाईने काय टाळावं याची. पहिल्या ओळीत मांजर होतं, तिसऱ्या ओळीत कच्चं मांस. घराने यादी मनावर घेतली. बिर्गिट बाळंतपणापर्यंत माहेरीच राहणार होती, म्हणून रोझविटाने दोन्ही मांजरं टोपलीत घातली आणि पलीकडच्या गावी बहिणीकडे नेऊन सोडली. कच्च्या मांसाचा प्रश्नच नव्हता. त्यांच्याकडे कच्चं मांस कोणी खातच नसे. मीठ, मिरी, कांदा, शहाजिरं घालून मळल्यावर ते कच्चं कसलं? तो खिमा.

मांजरं गेली तेव्हा नवरा, एगॉन, एवढंच म्हणाला होता, "आता उंदीर तूच धर." तीन आठवड्यांनी ती उकडलेल्या बटाट्यांची बादली घेऊन गोठ्यात गेली, तर डुक्कर काहीतरी चावत होतं आणि तोंडाच्या कडेला एक शेपूट लोंबत होती. डुकराने शांतपणे ती आत ओढून घेतली. त्या उंदरातून डुकरात आणि डुकरातून माणसात कोणता किडा येतो, हे त्या गावात शाळेतली पोरंसुद्धा सांगत. रोझविटा एगॉनला सांगणार होती. पण सांगितलं असतं तर मांजरांवरून टोमणे ऐकावे लागले असते, आणि डुक्कर हातचं जाण्याचीही शक्यता होती. उद्या सांगू, म्हणता म्हणता जानेवारी आला. आणि तपासनीस असतातच की, त्यांचं कामच ते, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. चमच्याची आठवण तिला या समजुतीत राहिली नव्हती.

साडेदहाला बिर्गिट पाव कापत होती.

"तू जरा बस बाई," रोझविटा म्हणाली. "पाय सुजतील."

"बसतेय. पावावर खिमा लावला की बसते."

"सूप घे ना गरम."

"सूपला अजून दोन तास आहेत. आई, तुला झालंय काय? पांढरीफटक पडलीस."

"कांद्याने."

"कांद्याने डोळे लाल होतात," एगॉन चुलीत लाकूड सारत म्हणाला. "पांढरी पडते ती माझी आई यायची असली की."

लोथार हसला. बिर्गिटने अर्ध्या पावावर बोटभर जाड खिमा थापला आणि वर कांदा पेरला. रोझविटा पाहत राहिली. आत्ता बोलायचं, असं ती मनाशी म्हणाली. पण आत्ता बोललं तर पहिल्या चमच्याच्या वेळी का नाही बोललीस, हा प्रश्न येणार. दर घासागणिक तो प्रश्न मोठा होत होता, आणि दर घासागणिक बोलणं जास्त अवघड. तिने मीठ आणायला मुलीला तळघरात पाठवलं. मग शेजारणीकडे दोऱ्याची रिळं मागायला पाठवलं. दोन्ही वेळा बिर्गिट पाव हातात घेऊनच गेली.

रस्त्यावर बर्फ गोठलेलं होतं, त्यामुळे तपासनीस विंडिश साहेब आले तेव्हा बारा वाजून गेले होते. तोवर बिर्गिटचे अडीच पाव झाले होते. रोझविटाने मोजले होते.

साहेबांनी शिलाई मशीनच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक मांडला. छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्यातून ओटच्या दाण्याएवढे अठ्ठावीस तुकडे कापले, दोन जाड काचांमध्ये दाबले आणि एकेक पाहू लागले. स्वयंपाकघरात फक्त हंडा रटरटत होता. रोझविटा साहेबांच्या मानेकडे बघत होती. मान जरा जरा सरकत होती. अकराव्या तुकड्यावर ती थांबली.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"खायला काय होतं याला?"

"बटाटे, कोंडा, ताक," एगॉन म्हणाला. "आमच्यापेक्षा बरं खायचं."

"आणखी?"

"आणखी काय?"

"उंदीर," रोझविटा म्हणाली.

आवाज तिचाच होता, पण तिला तो शेजारच्या खोलीतून आल्यासारखा वाटला.

"केव्हा?" साहेबांनी विचारलं.

"सप्टेंबरात. मी पाहिला तो एक. न पाहिलेले किती, ते डुक्करच जाणे."

लोथारच्या हातात अर्धं भरलेलं आतडं होतं. त्याने ते अलगद परातीत ठेवलं, लहान मूल निजवावं तसं. चाखण्याचं काम धंद्याचाच भाग असल्याने सगळ्यात जास्त त्याच्याच पोटात गेलं होतं.

"मालकीणबाई," तो म्हणाला, "हे सकाळी सांगायला काय झालं होतं?"

साहेबांनी वही काढली. "शिक्क्याआधी कोणीच खाल्लेलं नसणार, हे मला ठाऊक आहे. तरी ज्यांनी खाल्लं नाही, त्यांनी किती खाल्लं?"

"पाऊण किलो," लोथार म्हणाला. "अंदाजे."

"दोन पाव," एगॉन.

"अडीच," बिर्गिट म्हणाली. तिचा हात पोटावर गेला होता. "आणि एक चमचा."

"आणि तुम्ही?"

रोझविटाला वाटलं, खोटं बोलावं. पण तपासनिसाच्या वहीत खोटं लिहवायला त्या गावातल्या माणसाचा जीव धजत नाही.

"मी नाही."

"अजिबात नाही?"

"थुंकले."

बिर्गिटने आईकडे पाहिलं. रोझविटाला आयुष्यात त्या नजरेइतकी भीती कशाची वाटली नव्हती, किड्याचीसुद्धा नाही.

साहेबांनी नवे तुकडे घेतले, या वेळी चौऱ्याऐंशी. दीड तास लागला. त्या वेळात लोथारने तीनदा अंगणात जाऊन घशात बोटं घातली. उपयोग नाही, असं साहेबांनी त्याला सूक्ष्मदर्शकावरून मान न उचलता सांगितलं. एगॉन बाकावर बसून होता. मधेच म्हणाला, "दोन मांजरं होती आपल्याकडे." पण पुढचा टोमणा त्याला सुचला नाही.

"अकराव्यात हवेचा बुडबुडा होता," शेवटी साहेब म्हणाले. "बाकी स्वच्छ."

"म्हणजे डुक्कर चांगलं आहे," एगॉन म्हणाला.

"म्हणजे मी पाहिलेले एकशे बारा तुकडे चांगले आहेत." त्यांनी शिक्का शाईत बुडवला आणि मांडीवर, खांद्यावर, पाठीवर निळे गोल उठवले. "उरलेल्या डुकराचं मी नियमाप्रमाणे गृहीत धरतो. ताप आला, अंग दुखलं, पापण्या सुजल्या, तर लगेच दवाखाना गाठा. पंधरा दिवस लक्ष ठेवा."

कोणीतरी सवयीने त्यांच्यापुढे पाव केला. ते म्हणाले, घरून जेवून आलोय, आणि निघाले.

लोथारने उरलेलं काम एकदाही न चाखता उरकलं. सॉसेजं धुराच्या खोलीत टांगली गेली.

पुढे रोज सकाळी बिर्गिट खाली आली की रोझविटा तिला खिडकीशी नेई, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे करी आणि पापण्या निरखी. बिर्गिट उभी राही, घोडा नाल ठोकून घेताना राहतो तशी. पहिला आठवडा गेला. आठवा दिवस गेला, नववा, दहावा.

अकराव्या दिवशी बिर्गिट उतरली तेव्हा तिचे डोळे सुजून बारीक झाले होते.

रोझविटाच्या हातातला दुधाचा तांब्या कलंडला. तिने कोट ओढला, उलटा घातला, एगॉनला हाक मारली, गाडी काढ म्हणाली, मुलीच्या कपाळावर हात ठेवला, ताप लागेना म्हणून गालावर ठेवला.

"आई, थांब. रात्री रडले मी."

"अंग दुखतंय?"

"नाही."

"मग रडायला काय झालं? खरं सांग, माझी शपथ आहे."

"भीती वाटली." बिर्गिट पायरीवर बसली. "उंदराची नाही. डुकरं खातात उंदीर. पण तू बघत होतीस. चमचा माझ्या तोंडात गेला, तू बघत होतीस, आणि स्वतःचा घास थुंकून टाकलास. रोज रात्री डोळे मिटले की तेवढंच दिसतं."

मांजरांपासून सुरू करावं, असं रोझविटाला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, की मांजरांपासून सुरू केलं तरी शेवट चमच्यावरच होणार. कोट उलटाच अंगात ठेवून ती मुलीच्या शेजारी बसली.

दवाखान्यात रक्त तपासलं. त्यात काही निघालं नाही. दुपारपर्यंत पापण्याही उतरल्या. पंधरा दिवस संपले. लोथारने महिनाभर फक्त उकडलेलं खाल्लं आणि मग विसरला. मार्चच्या अखेरीला मुलगी झाली. वजन भरपूर, आवाज त्याहून जास्त.

बिर्गिट अजून आईच्या हातचं जेवते. बटाट्याचे गोळे असोत, कोबी असो, साधं सूप असो, ताट पुढे आलं की ती हात मांडीवर ठेवते आणि वाट बघते. रागाने नाही, अगदी शांतपणे. रोझविटा पहिला घास घेते, चावते, गिळते. बिर्गिट तिच्या गळ्याकडे पाहते आणि मग चमचा उचलते.