डोक्याला लावायचं तेल

फणीताईने दातांत धरलेली पिन काढली, वेणीच्या मुळाशी आडवी खोचली आणि अंगठ्याने दाबून पाहिली. वेणी हलली नाही. आरशासमोर बसलेल्या थोरलीने मान डावीकडे केली, उजवीकडे केली, मालिकेत सासूला उलट उत्तर देताना द्यायची तसा झटकाही देऊन पाहिला. तरी हलली नाही.

"झकास," थोरली म्हणाली. "आज जाहिरात आहे. कॅमेरा अगदी डोक्यावर येऊन बसणार."

"बसू दे. तुमचे केस कुठे संपतात नि माझे कुठे सुरू होतात, मुंगीलासुद्धा कळायचं नाही."

थोरली म्हणजे मालिकेतली थोरली सून. इतकी वर्षं रोज संध्याकाळी घराघरांत दिसत होती, की तिचं खरं नाव आता सेटवरही कोणी घेत नसे. आणि ज्या वेणीवरून जग तिला ओळखायचं, ती गुडघ्याला टेकणारी वेणी फणीताईने विकतच्या केसांतून स्वतःच्या हातांनी गुंफली होती. थोरलीचे स्वतःचे केस तापलेल्या सळयांनी, फवाऱ्यांनी आणि करकचून बांधलेल्या अंबाड्यांनी कधीच गळून गेले होते. उरले होते तेवढे फणीताईने जगवले होते. हे त्या दोघींना ठाऊक, आणि थोरलीच्या नवऱ्याला. मेकअपच्या खोलीची एक रीत असते. ज्याच्या डोक्याला हात लावायचा, त्याच्या डोक्यावरचं त्या खोलीतच ठेवायचं. कोणाला टक्कल, कोणाला कलप, कोणाला उवा, बाहेर ब्र काढायचा नाही. फणीताई घरीही बोलत नसे.

दार ढकलून थोरलीचा नवरा आत आला. हातात खोका होता. त्याने त्यातून सोनेरी झाकणाची एक बाटली काढून आरशासमोर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकून त्या बाटलीकडे बघत राहिला, बारशाला बाळाकडे बघावं तसा.

बाटलीवर थोरलीचा फोटो होता, वेणी पुढे घेतलेला. खाली लिहिलं होतं: माझ्या आजीच्या हातचं.

"हे कुठलं तेल?" फणीताईने विचारलं.

"आमचंच," नवरा म्हणाला. "कंपनी आमची, कृती घरची. पुढच्या आठवड्यात दुकानांत."

"कोणाच्या घरची?"

थोरलीने डोळ्यांत काजळ घालायला घेतलं. काजळ आधीच घातलेलं होतं.

फणीताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हे असं! तिची नणंद मोठ्या आजारातून उठली तेव्हा डोक्यावर केस म्हणून उरला नव्हता. आरशावर टॉवेल टाकून ठेवायची. तिच्यासाठी फणीताईने स्वयंपाकघरात पातेली काळी करून करून ते तेल बसवलं होतं. मेथी जास्त झाली तर कडू वास, कमी झाली तर गुण नाही. कितीदा सगळं मोरीत ओतून दिलं असेल. शेवटी नणंदेच्या डोक्यावर बारीक लव आली तेव्हा दोघी नणंद-भावजया स्वयंपाकघरातच गळ्यात पडून रडल्या होत्या. तेच तेल फणीताई थोरलीला लावायची, रोज, वेणी उतरवल्यावर, दाराला कडी घालून. आणि तिने विश्वासाने थोरलीलाच सांगितलं होतं, "नणंद नि मी हे तेल विकायचं म्हणतोय. तिचाही जीव रमेल." थोरली काय म्हणाली होती? "थांब गं, घाई करू नकोस, मी ह्यांच्याशी बोलते."

बोलली. चांगलीच बोलली.

"बाई," फणीताई म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, "तुमच्या आजीचं डोकं मी कधी पाहिलं नाही. पण माझ्या नणंदेचं रोज बघते. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच का हो?"

"फणीताई, तू उगाच मनाला लावून घेतेस. जाहिरातीत आजी लागतेच. नणंद कोण विकत घेईल?"

"आणि ताई, तुम्हाला विसरणार आहोत का आम्ही?" नवऱ्याने मध्ये तोंड घातलं. "कृतघ्न लोक नाही आम्ही."

चोर तो चोर, वर शिरजोर! फणीताईने बाटली उचलली, सोनेरी झाकण फिरवलं आणि नाकाशी नेली. आपलं लेकरू दुसऱ्याच्या कडेवर दिसलं तर आई आधी त्याच्या अंगाचा वास घेते, तशी.

गुलाबाचं अत्तर. आणि त्याखाली मेथी नव्हती. त्याखाली कापूर होता, आणि त्याच्याही खाली, नाक चुरचुरवणारं, टर्पेंटाइन.

तिने तेलाचा थेंब चिमटीत घेऊन चोळला. पुन्हा वास घेतला. मग हळूच विचारलं, "हे कुठल्या बाटलीवरून केलंत?"

"तुमच्याच," नवरा म्हणाला, आणि मग आपण काय बोलून बसलो हे कळून हसला. "म्हणजे... इथे टेबलावर असते ना, निळी. तीच नेली होती. प्रयोगशाळेला सांगितलं, जसंच्या तसं पाहिजे, एक कण इकडेतिकडे नको, वर फक्त गुलाबाचं अत्तर."

"ती वेणीची बाटली आहे."

"म्हणजे?"

"वेणीची! तुमच्या बायकोच्या डोक्याची बाटली माझ्या पिशवीत असते. निळी वेणीसाठी. मेलेल्या केसांसाठी. जाळीला चिकटलेला गोंद सुटावा म्हणून टर्पेंटाइन, कसर लागू नये म्हणून मूठभर कापूर. मागे मनगटावर सांडलं तर माझी सालटी निघाली होती. हे माणसाच्या डोक्याला लावायचं तेलच नाही!"

बाहेर कुणीतरी दिवे सरकवत होतं, त्याच्या चाकांचा आवाज येत राहिला.

"पण चाचणी झालीय," नवरा म्हणाला. "चमक बघून तर ते लोक थक्क झाले. गुच्छ नुसते लखलखत होते."

"कसले गुच्छ?"

"केसांचे. कापलेल्या केसांचे. चाचणी त्यांच्यावरच करतात."

"कापलेल्या केसांना टाळू असते का?"

थोरलीने बाटली हातात घेतली, उघडली, वास घेतला आणि लांब धरली. रोज पाठीवर वागवत असलेला वास तिला कळायला वेळ लागला नाही.

"तुम्ही कधी उघडलीच नव्हती?" फणीताईने विचारलं.

"मला कशाला लागेल?" थोरली म्हणाली.

नवरा येरझाऱ्या घालू लागला. गोदाम भरलंय, दुकानदारांनी मागणी नोंदवलीय, आता मागे फिरलो तर घरावर नांगर. टर्पेंटाइन असून असून किती असणार? लोक काय बाटलीभर ओततात का? एखाद्याला होईल थोडी आग, तो म्हणेल, गुण येतोय. असं तो बराच वेळ बोलत होता आणि बोलता बोलता त्याचा स्वतःचाच विश्वास बसत चालला होता. मग तो फणीताईसमोर थांबला.

"आणि ताई, तुम्ही हे सांगणार तरी कोणाला? वेणीचं तेल म्हणालात की लोक विचारतील, कुठली वेणी. तुमच्या तोंडून ते निघेल का?"

बरोबर नस धरली होती मेल्याने. फणीताईने जन्मात कोणाच्या डोक्यावरचं बाहेर काढलं नव्हतं. एकदा काढलं की या धंद्यात कोणी तिच्यासमोर मान खाली घालणार नव्हतं. मान खाली घातल्याशिवाय केस कसे विंचरणार? तिने थोरलीकडे पाहिलं. आता हिने बोलावं. हिचं डोकं, हिचा फोटो, हिचं नाव.

थोरली आरशात बघत होती.

"मला भांगात ओतायचंय ते," ती अखेर म्हणाली. "जवळून घेणार आहेत."

"मग?"

"मग काय? माझ्या डोक्यात हे नको. फणीताई, एक काम कर. ही बाटली रिकामी कर नि तुझ्या पिशवीतलं भर. कॅमेऱ्याला काय कळतंय."

फणीताईला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. पण नीटच ऐकलं होतं. स्वतःच्या टाळूला नणंदेचं तेल, आणि बाकी साऱ्या जगाच्या लेकीबाळींच्या टाळूला टर्पेंटाइन! याच बाईच्या एकेका केसासाठी तिने जिवाचं रान केलं होतं. याच बाईचं डोकं मांडीवर घेऊन, एखादा केस गळला तरी हिला रडू येईल म्हणून, फणीत आलेले केस गुपचूप पदरात लपवले होते.

"बरं," ती म्हणाली.

नवऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. "बघ, मी म्हटलं होतं ना, ताई आपल्याच आहेत."

फणीताई बाटली घेऊन मोरीकडे गेली. नळ सोडला, बंद केला. परत आली तेव्हा बाटली पुसलेली होती, झाकण घट्ट होतं.

सेटवर पांढरा पडदा, मऊ उजेड, मध्ये एक स्टूल. जाहिरातीची दिग्दर्शिका नवीनच होती, सगळ्यांशी हसून बोलत होती. थोरली स्टुलावर बसली. फणीताईने वेणी खांद्यावरून पुढे सोडली, टोक सारखं केलं आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, हात पोचेल इतक्या अंतरावर उभी राहिली. तिच्या हातात जाड टॉवेल होता.

"हसत हसत झाकण उघडायचं, भांगात धार सोडायची नि म्हणायचं, 'माझ्या आजीच्या हातचं,'" दिग्दर्शिकेने सांगितलं. "चला. सुरू."

थोरली हसली. तिला हसायला शिकवावं लागत नसे. झाकण उघडलं, बाटली डोक्यावर नेली, कलती केली.

आणि हात थबकला.

वास आला होता. आधी गुलाब, मग कापूर, मग ते. थोरलीचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र फणीताईकडे वळले. बाटलीच्या काठावर थेंब जमला, फुगला. फणीताईने टॉवेल उघडून धरला. तिने मान हलवली नाही, भुवई उचलली नाही, काहीच सांगितलं नाही. तिची रीत तिने सोडली नव्हती.

"सोडा ना धार, मॅडम," दिग्दर्शिका म्हणाली.

पडद्यामागून नवऱ्याने हातवारे केले, ओत, ओत. त्याला वाटत होतं, आत मेथीचं तेल आहे.

थोरलीने बाटली आणखी कलती केली. थेंब पुढे सरकला. तिने झटकन मनगट वळवलं आणि थेंब जमिनीवर पडला.

"कट! काय झालं? तुमचंच तेल आहे ना?"

थोरलीने बाटली दोन्ही हातांत धरून मांडीवर ठेवली. कपाळावर घाम आला होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं, फणीताईकडे पाहिलं, मग खाली बघून ओठातल्या ओठात काहीतरी म्हणाली.

कानाला यंत्र लावलेल्या ध्वनिमुद्रकाने हात वर केला.

"मॅडम, नीट आलं नाही. 'डोक्याला' एवढंच कळलं. जरा मोठ्याने म्हणाल का?"