पट्टे आणि ओरखडा

लेकीच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेला आम्ही दोघं पहिल्या रांगेत बसलो होतो. तिच्या बाबांनी घरातूनच बजावलं होतं, "तू मध्ये बोलू नकोस हं." जसं काही मी जिथे तिथे तोंड घालते!

पडद्यावर तिचं चित्र लागलं. काळेपांढरे पट्टे आणि त्यांना आडवा छेदणारा एक ओरखडा. तिच्या यंत्रात चुंबकाचा लेप दिलेली अगदी बारीक सुई असते. ती धातूच्या थरावरून न टेकता फिरते. खाली ओढली गेली तर काळं, वर ढकलली गेली तर पांढरं. हे पट्टे म्हणजे थरातलं चुंबकत्व, असं लेकीचं म्हणणं. सगळा प्रबंध त्यावरच उभा होता.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे पट्टेही पॉलिश करताना पडलेले ओरखडे नसतील कशावरून?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या एका ओरखड्यापायी पोरगी भरल्या ताटावरून उठून रडली होती. बाबांनी माझा हात दाबून धरला.

लेक मात्र शांत. "सर, सुईचं चुंबकत्व उलटं करून दाखवते. पट्टे चुंबकाचे असतील तर काळ्याचं पांढरं होईल. ओरखडे असतील तर तसेच राहतील."

लहानपणी खेळणं असो, मोजा असो, नाहीतर माझं बोलणं, ही सगळं उलटं करून बघायची. डोकं उठायचं माझं.

सगळे प्रयोगशाळेत गेलो. तिने सुई काढली, मोठ्या चुंबकापाशी उलट्या दिशेने धरली आणि पुन्हा बसवली. आता नेमकी तीच जागा सापडायला हवी होती. ती सापडली त्या ओरखड्यामुळेच.

चित्र एकेक ओळ करत उतरू लागलं. काळे पट्टे पांढरे झाले, पांढरे काळे झाले. ओरखडा तेवढा जसाच्या तसा.

"वा!" परीक्षक म्हणाले. "तुलनेसाठी ओरखडा मुद्दाम पाडलात ना? हुशार आहात."

नुसतं 'हो' म्हणाली असती, तरी कुणाला कळणार होतं?

"नाही सर. हातातला चिमटा घसरला होता."

"माझी लेक आहे ती," मी मोठ्यांदा म्हणाले. या वेळी बाबांनी हात दाबला नाही.