ओठांवरची ट्रायल

प्रियांकाचा आधी वरचा ओठ फुगला, मग खालचा. स्वप्ना हातातला साचा ठेवून तिच्यापर्यंत पोचली तोवर पोरीचे डोळेही सुजून बारीक झाले होते. "ताई, गळ्यात कायतरी अडकलंय," ती म्हणाली. अडकलं काहीच नव्हतं. गळाच आतून मिटत चालला होता.

विठ्ठलवाडी स्टेशनच्या मागच्या बाजूला, पाटी नसलेल्या एका गाळ्यात लिपस्टिक बनायची. लिपस्टिक म्हणजे निम्मं एरंडेल, ते पालनपूरकडून डब्यांनी यायचं. मेण ब्राझीलमधल्या कुठल्याशा ताडाच्या पानांवरचं. चकाकी झारखंडच्या अभ्रकाची. तिथे म्हणे बायकापोरं बिळात उतरून ते खरवडून काढतात, आणि बीळ ढासळलं की आतच राहतात. लाल रंग वापीचा. एवढ्या मुलखाची माती आणि घाम इथे एका पातेल्यात शिजायचा, आणि डबीवर छापलेलं असायचं पॅरिस. छापायला काय जातंय!

या खेपेला वापीचा माल अडकला आणि दिवाळीची ऑर्डर डोक्यावर. शेठचा सुपरवायझर दौलत मागच्या गल्लीतल्या कापड रंगवणाऱ्याकडून लाल पावडर घेऊन आला. "बघ गं, जमतोय का," म्हणाला. शेड पास करणं स्वप्नाचं काम. तिने नेहमीसारखी मनगटाच्या आतल्या बाजूला रेघ ओढली, जुन्या लालच्या शेजारी नवा लाल. तंतोतंत. खाज नाही, आग नाही. होणार कशी? वर्षानुवर्षं त्याच जागी रेघा ओढायच्या आणि थिनरने पुसायच्या, तिथली कातडी टाचेसारखी निबर झाली होती. हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नाही. "पास," ती म्हणाली.

पुढचा रिवाज ठरलेला. रंग पसरतो का ते बघायला सगळ्यात नव्या पोरीने ती शेड दिवसभर ओठांवर लावून बसायचं. सगळ्यात नवी होती प्रियांका, स्वप्नाची सख्खी धाकटी बहीण. पॅकिंगवाल्या शांताबाई म्हणाल्यासुद्धा, "तिला राहू दे, दुसरीला लावू." स्वप्नालाच ते नको होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं उद्या बायकांनी म्हणायला नको. तिने स्वतःच्या हाताने लावून दिली, वर म्हणाली, "शोभतेय गं तुला."

आता त्याच ओठांची दोन वांगी झाली होती आणि प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजत होती.

"दौलतभाऊ, शटर उघडा!"

परवाना नसलेला गाळा, त्यामुळे भर दुपारीसुद्धा शटरला आतून कुलूप. चावी दौलतच्या हातात आणि फोन कानाला.

"शेठ बोलतो थांबा. तो डॉक्टर पाठवतोय ओळखीचा."

"ओळखीचा येईपर्यंत मरेल ती!"

"अगं रिॲक्शन आहे, उतरेल. हॉस्पिटलला नेली की पोलीस केस. मग गाळा सील, आणि आत कोण जाणार? शेठ नाय, मी. मला पण पोरं आहेत."

घाबरलेला माणूस वाईट माणसापेक्षा वाईट. स्वप्नाने चावीवर झडप घातली तशी त्याने अशी थोबाडीत ठेवून दिली, की ती टेबलाच्या कडेवर जाऊन आदळली. भुवई फुटली. रक्त डोळ्यात उतरलं. ती उठली आणि त्याच्या हाताला कडकडून चावली. त्याने तिचे केस धरून डोकं भिंतीवर हाणलं, एकदा, परत एकदा, आणि पोटात गुडघा घातला. बायका किंचाळत होत्या, पुढे कोणी येत नव्हतं. ती पडली ती पातेल्यापाशी. स्टीलचा मग हाताला लागला. तिने उकळता माल मगभर घेतला आणि त्याच्या अंगावर फेकला.

मेण पाण्यासारखं ओघळून जात नाही, जिथे पडतं तिथे थिजतं. दौलतने मानेवरचा लाल लगदा ओरबाडला तर सोबत कातडी आली. तो गुरासारखा ओरडला. चावी हातातून सुटली आणि खळकन स्वप्नाच्या पायाशी पडली. तिने ती पाहिली.

पाहिली, आणि ॲल्युमिनियमचा साचा उचलला.

"कसला रंग आणलास, भडव्या? कसला रंग?" पहिला घाव खांद्यावर. दुसऱ्याने त्याचे पुढचे दात गेले.

"तूच पास केलास!" तो रक्त थुंकत ओरडला. "मी विचारलेलं तुला! तू पास बोललीस!"

खोटं बोलला असता तर ती कदाचित थांबली असती. खरं बोलला, म्हणून तिने परत मारलं. बोटांवर, कानावर, तोंडावर. ते तोंड बंद व्हायला हवं होतं. तो गठडी वळून पडला तरी ती मारत होती. मागे शिट्टीसारखा आवाज बारीक होत गेला, तो तिला ऐकू आला नाही. शेवटी शांताबाईंनीच खाली वाकून, तिच्या पायांमधून चावी ओढून घेतली. "अगं सोड त्याला! बहीण बघ तुझी!"

शटर वर गेलं. रिक्षात प्रियांका स्वप्नाच्या मांडीवर होती, नखं निळी पडलेली. हॉस्पिटलात डॉक्टरीण बाईंनी गळ्यात नळी घालायचा प्रयत्न केला, मग छाती दाबत राहिल्या, आणि मग हात काढून घेतले. "एका इंजेक्शनचं काम होतं हो," त्या म्हणाल्या. "जरासं आधी आणायला हवं होतं."

संध्याकाळपर्यंत अर्धी चाळ हॉस्पिटलच्या आवारात जमली. एकट्या बाईने सुपरवायझरला लोळवला, हे तोपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. शांताबाईंनी हवालदाराला सांगितलं, त्याने चावी दिली नाही, म्हणून पोरगी गेली. हवालदाराने तेच लिहून घेतलं. कोणी स्वप्नाच्या कपाळाला पट्टी बांधली, कोणी पाणी पाजलं. वाघीण आहे, असं कोणीतरी म्हणालं.

तिची आई रमाबाई आली ती रडून रडून आवाज बसलेली. तिने स्वप्नाचे सुजलेले हात आपल्या हातात घेतले आणि कुरवाळत राहिली. "तू होतीस गं बाई. माझ्या लेकरासाठी कोणीतरी लढलं तरी."

स्वप्नाने हात काढून घेतले.

"आई, चावी पडली होती. माझ्या पायाशी. मी बघितलेली. मी त्याला मारत बसले."

रमाबाईने ते हात पुन्हा ओढून आपल्या हातात घेतले. तिला काही उमगलं नसावं, म्हणून स्वप्नाने तेच पुन्हा सांगितलं, हळू आणि स्पष्ट.