उलटवलेली गोगलगाय

शाळेच्या पुस्तकासाठी मी काढलेली गोगलगाय संपादकांनी आरशातल्यासारखी उलटवली होती.

"तिचं तोंड पानाच्या आतल्या बाजूला हवं होतं, बाई. एवढ्याशा गोगलगायीचं काय घेऊन बसलात?"

"या जातीचा शंख उजव्या वळणाचा असतो. तुम्ही तो डावा केलात. मुलं चुकीचं शिकणार, आणि खाली नाव माझं!"

"चित्र आम्ही विकत घेतलंय."

"छापायचा हक्क घेतलात. मोडतोड करून माझ्या नावावर खपवायचा नाही."

"मग नाव काढू?" ते हसले.

"छपाई थांबवा. नाहीतर वकील बोलतील."

त्यांचं हसू मावळलं. त्यांनी छापखान्याला फोन लावला. मी पेन्सिल काढली.

"शंख उजवाच ठेवून आत तोंड केलेली गोगलगायही मला काढता येते. नुसतं विचारायचं होतंत."